आपला श्रावण, त्यांचा सावन



येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव येत आहे. आपल्या मंडळातर्फे होणारे श्रावणी सोमवारचे लघुरुद्र व सामुदायिक फराळ, तसेच मंगळागौरीचे खेळ, येथून पुढे ‘स्थानिक श्रावणात’ घ्यावेत, म्हणजे पंधरा दिवस अलीकडे आणावेत, अशी लेखी सूचना काही तरुण सभासदांनी केली आहे. कारणे दोन दिली आहेत. एक, उपस्थिती रोडावली आहे. दुसरे, राखीपौर्णिमेला शेजाऱ्यांचा सावन संपतो तेव्हा आपले अर्धे व्रत शिल्लक असते, आणि मुलांना ते विचित्र वाटते. सूचना वाचून ज्येष्ठांपैकी काहींचा पारा चढला. ‘चुकीच्या श्रावणात’ रुद्र झाला तर आपण सभासदत्व सोडू, असे एकांनी कळवले आहे. दोन्ही बाजूंची पत्रे आमच्यापुढे आहेत. सभेत आवाज चढण्यापूर्वी हिशेब एकदा कागदावर मांडावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

इंदूरच्या कोणत्याही जुन्या मराठी घरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोन दिनदर्शिका असतात. एक ‘कालनिर्णय’, दुसरी जबलपूरची ‘लाला रामस्वरूप’. पहिली सणांसाठी, दुसरी दुधाच्या हिशेबासाठी आणि शेजारणीला उत्तर देण्यासाठी! या दोहोंत महिन्यांची नावे तीच, तिथ्या त्याच, चंद्रही एकच. फरक एवढाच की आपला महिना अमावास्येला संपतो आणि त्यांचा पौर्णिमेला. शास्त्रात आपल्या पद्धतीला अमान्त म्हणतात, त्यांच्या पद्धतीला पूर्णिमान्त. त्यामुळे शुक्ल पक्ष दोघांचा एकाच महिन्यात पडतो, पण वद्य पक्ष ते पुढच्या महिन्यात धरतात. आम्ही बँकेत खतावणी करणारी माणसे. आमच्या भाषेत सांगायचे तर व्यवहार एकच, दिनांक एकच, फक्त नोंदीचे पान वेगळे. गोकुळाष्टमी आपल्या वहीत श्रावण वद्य अष्टमीला, त्यांच्या वहीत भादों कृष्ण अष्टमीला. महाशिवरात्र आपली माघातली, त्यांची फाल्गुनातली. दर्शनाची रांग मात्र दोघांची एकच.

तेव्हा ‘चुकीचा श्रावण’ हा शब्दप्रयोग आम्हांला मान्य नाही. दोन्ही पद्धती जुन्या आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी सुसंगत आहेत. पूर्णिमान्त पद्धतीतली एक गंमत मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. होळी झाली की त्यांचा चैत्र लागतो, पण नवे संवत्सर लागायला आणखी पंधरा दिवस जावे लागतात. चैत्राचा पहिला पंधरवडा जुन्या वर्षात आणि दुसरा नव्या वर्षात! आपली रंगपंचमी फाल्गुनातली, त्यांची चैत्रातली. तरी राजवाड्यासमोर गेर निघते तेव्हा हा रंग कोणत्या महिन्याचा, असे कोणी कोणाला विचारलेले आम्ही ऐकलेले नाही.

अडचण येते ती व्रतांच्या वेळी. २०२४ चे उदाहरण घेऊ. त्यांचा सावन २२ जुलैला सुरू झाला आणि १९ ऑगस्टला, राखीपौर्णिमेला, संपला. आपला श्रावण ५ ऑगस्टला लागला आणि सप्टेंबरच्या आरंभी अमावास्येला संपला. सोमवार त्यांचेही पाच, आपलेही पाच. पैकी ५, १२ आणि १९ ऑगस्ट हे तीन सामाईक. आमच्या परिचयातल्या एका घरी सून माळव्यातल्या हिंदी कुटुंबातली आहे. तिने माहेरच्या रीतीने २२ जुलैपासून उपवास धरले. सासूबाईंनी शिवामूठ वाहायला ५ ऑगस्टपासून सांगितले. बिचारीने दोन्ही पाळले! तांदूळ, तीळ, मूग, जव, आणि पाचव्या सोमवारी, २ सप्टेंबरला, सातू. एकूण सात उपवास झाले. घरातल्या कोणाला त्यात वावगे वाटले नाही. आम्हांला वाटते. दोन्ही घरे सांभाळण्याचा सारा भार एकट्या मुलीच्या पोटावर का, हा प्रश्न सासूबाईंना विचारायची आमची छाती झाली नाही, म्हणून येथे विचारतो.

अधिक मास आला की हे अंतर आणखी वाढते. २०२३ साली अधिक श्रावण होता. शेजाऱ्यांचा सावन ४ जुलैला लागला आणि आपला निज श्रावण १७ ऑगस्टला. मुले विचारू लागली की आपला सावन हरवला की काय. अधिक महिना का येतो हे त्यांना सांगायला घरात कोणाला जमत नसेल, तर तो दोष पंचांगाचा नव्हे.

आता ज्यांना वाटते की स्थानिक रीतीपुढे आपली रीत परकी आहे, त्यांनी येथून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरच्या उज्जैनकडे पाहावे. महाकालाची पालखी सावनातल्या सोमवारी नगरात निघते, पण राखीपौर्णिमेला ती थांबत नाही. भादोंच्या अमावास्येपर्यंत, म्हणजे नेमका आपला श्रावण संपेपर्यंत, ती निघतच राहते. शाही सवारी म्हणून जी प्रसिद्ध आहे ती शेवटची सवारी आपल्या श्रावणातली असते, त्यांच्या नव्हे. २०२४ ची अखेरची सवारी २ सप्टेंबरला निघाली, ज्या दिवशी त्या सुनेने सातू वाहिले आणि ज्या दिवशी आपल्याकडे पोळा होता. २०२३ साली तर सवाऱ्या दहा झाल्या. हा शिंद्यांच्या काळातल्या मराठी पंचांगाचा वारसा आहे, असे उज्जैनमध्ये सांगतात, आणि ज्या मंदिराचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी केला, तेथे ते नवल नव्हे. दोन रीतींपैकी एक निवडण्याऐवजी देवस्थानाने दोन्ही ठेवल्या. लाखो हिंदी भाविक आज आपला श्रावण त्यांच्या भादोंत पाळतात, आणि आपण मात्र तो सोडायच्या विचारात आहोत!

ही अडचण सर्व बृहन्महाराष्ट्राची नाही, हेही लक्षात घ्यावे. वडोदऱ्यात गुजराती शेजाऱ्यांचा श्रावण आपल्याबरोबरच लागतो. तेथे वेगळे पडते ते नववर्ष, कारण त्यांचे वर्ष कार्तिकात बदलते. हैदराबादेत आणि बेळगावात तेलुगू व कानडी महिनेही अमान्तच, आणि उगादी पाडव्यालाच. पेच आहे तो इंदूर, देवास, धार, ग्वाल्हेर अशा उत्तरेकडील पंचांगात वसलेल्या आपल्यासारख्यांचा. त्यामुळे तिकडच्या मंडळांचे अनुकरण करून तो सुटणार नाही.

पंचांगाचे भांडण कोठवर जाऊ शकते याचे उदाहरण दूरचे, पण अलीकडचे आहे. पूर्वेकडच्या अनेक ख्रिस्ती चर्चमध्ये जुन्या ज्युलियन गणनेनुसार नाताळ ७ जानेवारीला येतो. २०२३ साली, युद्ध चालू असताना, युक्रेनने कायदा करून नाताळची सुट्टी २५ डिसेंबरला आणली. तेरा दिवसांचे अंतर हा तेथे रशियापासून तुटण्याचा प्रश्न झाला होता. आपले कोणाशी असे भांडण नाही. मग आपणच आपल्या शेजाऱ्यांपुढे, किंवा आपल्याच मुलांपुढे, तसा आव का आणावा?

वरून आलेले पंचांग तर लोक मनावरही घेत नाहीत. १९५७ साली सरकारने शक कालगणनेची राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू केली. त्या दिनांकाचा धनादेश बँकेने स्वीकारावा असा नियम आहे. आमच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत असा एकही धनादेश काउंटरवर आलेला नाही! पंचांग टिकते ते घरात, कुलधर्मात, सासू-सुनांच्या बोलण्यात. दिव्याची अवस घ्या. आपण त्या दिवशी दिवे घासून पुजतो, जिवतीचा कागद लावतो. नेमक्या त्याच दिवशी शेजारी हरियाली अमावस्या साजरी करतात. आपल्याला तो दिवस श्रावणाचा उंबरठा, त्यांना सावनाचा मध्य. आपण त्यांचा महिना घेतला की हा उंबरठाच नाहीसा होतो. जिवतीचे शुक्रवार कोठून मोजायचे, पिठोरी कोणत्या महिन्यातली म्हणायची, श्रावणातल्या कहाण्या कोणत्या वारापासून वाचायच्या, सगळीच विस्कटते. लघुरुद्राची तारीख बदलणे सोपे आहे. महिना बदलला तर त्यामागे अशा वीस गोष्टी हलतात, आणि त्या हलल्या की पुढच्या पिढीला पुन्हा लावता येणार नाहीत.

म्हणून आमचे मत असे. ठराव आहे त्या रूपात मंजूर होऊ नये. पण तरुणांची तक्रार खोटी नाही. गेली काही वर्षे आपण लघुरुद्र शेवटच्या श्रावणी सोमवारी ठेवतो, कारण त्या दिवशी सभागृह स्वस्त मिळते. तो सोमवार फक्त आपला असतो. तो पहिल्या पंधरवड्यात, म्हणजे दिव्याची अवस ते राखीपौर्णिमा या काळात, आणावा. तो शुक्ल पक्ष आपलाही श्रावण आहे आणि त्यांचाही सावन. त्यात दोन सोमवार तरी असतातच, मंगळवारही असतात. म्हणजे हिंदी माहेरच्या सुना, जावई आणि शेजारी यांना वेगळे आमंत्रण, वेगळा खुलासा द्यावा लागणार नाही. सभागृहाचा जादा खर्च फराळाच्या वर्गणीतून निघतो का, हे कोषाध्यक्षांनी सभेत सांगावे.

उपस्थितीचे खरे कारण मात्र पंचांगात नाही. सोमवारी सकाळी अकरा वाजता काउंटर सोडून येणारा नोकरदार आम्ही तरी पाहिलेला नाही. आम्ही स्वतःच तीन वर्षांत एकदा आलो. रामबाग आणि नारायण बागेतली जुनी घरे सोडून मंडळी दूरच्या वसाहतींत गेली आहेत. रुद्र सकाळी गुरुजींनी करावा, आरती व फराळ सायंकाळी साडेसातला ठेवावा.

याशिवाय मंडळाच्या पुढील दिनदर्शिकेत प्रत्येक सणापुढे दोन रकाने असावेत, आपला महिना आणि हिंदी महिना. ज्यांच्या घरी श्रावण वद्यातले कुलधर्म आजही चालू आहेत, त्यांनी ते कोणत्या तिथीला व कसे करतात हे सभेच्या आधी लिहून मंडळाच्या कार्यालयात द्यावे. ज्यांच्या घरी ते बंद पडले, त्यांनी आठवते तेवढे लिहावे.