दिव्यांचा संगणक आणि संकलनाचा संगणक

मुंबई-आग्रा महामार्गावरील मालेगावात नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ सिद्ध केला, तो दोन व्हीसीआरवर संकलन करून. त्याच महामार्गाने पुढे गेल्यास धुळे लागते. आज धुळे-जळगावकडील अहिराणी गाणी गावच्याच शेतात चित्रित होतात आणि यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिली जातात. आपले चित्र आपणच जोडण्याची ही उमेद लहान नव्हे. मात्र संकलनासाठी संगणक घ्यावयास निघालेल्या तरुणापुढे बहुधा खेळांसाठी बनवलेले, रंगीत दिव्यांचे यंत्र ठेवले जाते. दिव्यांनी चित्र जोडले जात नाही!

मोबाईलचे चित्रीकरण अतिशय दाबून साठवलेले असते. ते क्षणोक्षणी उलगडतानाच संगणक अडखळतो. त्यावर उपाय महाग ग्राफिक्स कार्ड हाच नव्हे. मूळ चित्रीकरणाची हलकी प्रत काढून तिच्यावर संकलन करावे आणि अखेरचे चित्र मात्र मूळ फाइलींवरून सिद्ध करावे. ‘केडेनलाइव्ह’ या विनामूल्य प्रणालीतही ही सोय आहे. सुटे भाग निवडताना इंटेलचा, नावाअखेर ‘एफ’ असलेला प्रोसेसर स्वस्त दिसतो. परंतु त्यात अंगभूत ग्राफिक्स नसल्याने वेगळे कार्ड घ्यावेच लागते. त्यापेक्षा तो पैसा रॅम आणि एसएसडी यांकडे वळवणे शहाणपणाचे. रॅम १६ जीबीहून कमी नसावी, ३२ असल्यास उत्तम. राहिलेल्या रकमेत आधी यूपीएस बसवावा. लग्नसराई ऐन उन्हाळ्यात येते आणि त्याच दिवसांत वीजही हमखास दगा देते.