आलूचे धिरडे आणि लाल शाई

पदवीच्या पहिल्या वर्षाला व्यावहारिक मराठीच्या तासाला आम्ही एक साधा स्वाध्याय देत असतो : घरी नेहमी होणारा एखादा पदार्थ, तो कधी न पाहिलेल्यालाही करता येईल अशा रीतीने लिहून आणावा. भातकुली तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने 'आलूचे धिरडे' लिहून आणले. मजकूर दीड पानांचा. आम्ही दोघांनी तो तपासून परत दिला, तेव्हा त्यावर लाल शाईच्या अकरा खुणा होत्या. दोन शुद्धलेखनाच्या सोडल्या तर उरलेल्या नऊ खुणा चुकीच्या होत्या, असे आज आमचे मत आहे.

'आलू' खोडून आम्ही 'बटाटा' केले. 'सराटा' खोडून 'उलथणे' केले. 'सांबार बारीक चिरून' या शब्दांपुढे, आमच्यापैकी ज्यांचे बालपण साताऱ्याकडे गेले त्यांनी प्रश्नचिन्ह काढले. वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे इतकी वर्षे इथे भाजी आणूनही लाल शाई हाती असताना त्यांना आठवले नाही. (दुसरा इथलाच. त्याने ते प्रश्नचिन्ह पाहिले आणि तसेच राहू दिले. हा अपराध अधिक मोठा.)

'आलू' हा हिंदीचा संसर्ग, अशी आमची समजूत. पण कंदाला 'आलु', 'आलुक' म्हणणे संस्कृतातले आहे. आणि ज्याला आपण प्रमाण, शुद्ध वगैरे समजतो तो 'बटाटा' पोर्तुगिजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर उतरलेला. म्हणजे देशी शब्द परका ठरवून आम्ही त्याच्या जागी परदेशी शब्द बसवला, तोही शुद्धतेच्या नावाने! शब्द कुठूनही यावेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण मुंबई-पुण्याने स्वीकारलेला परका शब्द मराठी आणि वऱ्हाडाने स्वीकारलेला तो अशुद्ध, हा न्याय कोणत्या व्याकरणातला?

याहून गंभीर खूण पिठाच्या प्रमाणावर होती. तिने लिहिले होते, आलू किती पाणी सोडते ते पाहून बेसन टाका. आम्ही समासात लिहिले, 'मोघम. प्रमाण द्या.' कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७० पासून वाटी-चमच्याचे प्रमाण घरोघर नेले. आईपासून दूर संसार थाटणाऱ्या किती जणींना त्याचा आधार झाला असेल! पण त्या सोयीचा आम्ही नियम केला, आणि वाटी नसलेले वाक्य आम्हांला अपुरे वाटू लागले.

मग एका रविवारी आम्ही ते धिरडे स्वतः करून पाहिले, अर्थात आमच्या सुधारित आवृत्तीप्रमाणे. चार बटाटे, एक वाटी बेसन, चवीपुरते मीठ, सारे एकदम कालवले आणि गप्पा मारत बसलो. मिठाने बटाट्याचे पाणी ओढले. मुळात बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणीच असते. पीठ पळीवाढे झाले. आणखी बेसन घातले, तेव्हा तव्यावर जे उतरले ते बेसनाचे पोळे होते, बटाटा त्यात नावापुरता.

दुसऱ्यांदा तिची वही समोर ठेवली. किसलेला आलू काळा पडू नये म्हणून पाण्यात टाकायचा, मग फडक्यात घट्ट पिळायचा. पिळलेले पाणी दहा मिनिटे स्थिर ठेवायचे. इथे तिचे वाक्य होते : 'बुडाले जे पांढरं बसते ते फेकू नोका.' वरचे पाणी ओतून तो पांढरा साका किसात परत कालवायचा, कारण धिरडे धरून ठेवतो तो साकाच. बेसन केवळ मदतीला. जिरे, हिरवी मिरची, सांबार. मीठ सर्वांत शेवटी, तवा तापल्यावर. ओल्या हाताने पातळ थापायचे आणि कडा तांबूस झाल्याशिवाय सराटा लावायचा नाही. वहीतले एकही वाक्य मोघम नव्हते. ते केवळ वाटीत मावत नव्हते.

तिने शेवटी एक ओळ जोडली होती, की गावातल्या ज्या जैन घरी आलू चालत नाही तिथे कच्चे केळे किसावे. भातकुलीच्या आदिनाथ मंदिरामुळे हे तिथे सहज सुचणारे. वाचणारा कोण असेल याचे इतके भान आम्हांला वर्गात कितीही शिकवून आणता येत नाही. त्या ओळीवरही आम्ही 'विषयांतर' लिहिले होते.

याच जिल्ह्यात, रिद्धपूरला, तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. त्यातली बोलती वाक्ये आणि त्यातले खाणेपिणे आम्ही एम.ए.च्या वर्गात भक्तिभावाने शिकवतो. खालच्या मजल्यावर, पहिल्या वर्षाच्या वर्गात, त्याच मातीतले बोलते वाक्य खोडतो.

वही पुन्हा मागवून गुण वाढवले आणि पहिला प्रयत्न कसा फसला तेही तिला सांगितले. तिने मान खाली घालून ऐकून घेतले. मग म्हणाली, "सर, तावाही बरोबर तापला नसन."