सर्व्हिसिंगचं बील वाचता येतं का?

बाईकची सर्व्हिसिंग डीलरकडे करावी की घरी, हा वाद आमच्या ऑफिसात दर पावसाळ्याआधी निघतो. लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "डीलर लुटतात रे!" दुसरी म्हणते, "रविवारी हात काळे कोण करणार?" हिशोब मात्र कोणीच मांडत नाही. तर मंडळी, आज तो मांडूया.

माझी बाईक १५० सीसीची, वॉरंटी संपलेली. मागच्या सर्व्हिसिंगचं बील २,०२० रुपये. त्याची फोड अशी: ऑईल ४४०, ऑईल फिल्टर ८०, एअर फिल्टर २३०, म्हणजे सामान ७५०. लेबर ५०० अधिक १८ टक्के जीएसटी, झाले ५९०. मग चेन ल्यूब ९०, 'इंजिन अ‍ॅडिटिव्ह' २४० आणि पॉलिश ३५०.

घरी केलं तर सामानाचे ७५० काही सुटत नाहीत. वाचतात ते १,२७०. पण सॉकेट सेट, टॉर्क रेंच, ऑईलचा ट्रे, चेनचा ब्रश आणि ल्यूबचा डबा धरून पहिल्यांदा साधारण ५,००० घालावे लागतात. म्हणजे पैसे वसूल व्हायला चौथी सर्व्हिसिंग उजाडते. रविवारचे दोन तास वेगळेच.

आता खरी गंमत बघा. अ‍ॅडिटिव्ह आणि पॉलिश मिळून होतात ५९०, म्हणजे नेमके लेबरइतके! हे पैसे वाचवायला पाना हातात घ्यावाच लागत नाही. जॉब कार्डवर सही करण्याआधी "हे दोन नको" एवढंच म्हणायचं. पण काय नको, हे कळायला आत काय असतं ते माहीत हवं. आणि ते एकदा तरी स्वतः ऑईल बदलल्याशिवाय कळत नाही. माझ्या मते घरच्या सर्व्हिसिंगचा मोठा फायदा हाच. पैसे त्यामानाने कमी वाचतात, पण बील वाचता येऊ लागतं.

दुसरं म्हणजे, आपल्याकडची बाईक जरा वेगळी जगते. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरमधले आपण बहुतेक जण बाईक स्टेशनपर्यंत नेतो, स्टँडला लावतो आणि लोकल पकडतो. तीन किलोमीटर जाताना, तीन येताना. एवढ्यात इंजिन धड तापतही नाही, त्यामुळे आत साठलेला ओलावा उडून जात नाही, ऑईलमध्येच राहतो. मॅन्युअलमध्ये 'इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते' असं लिहिलेलं असतं. आपल्या बाबतीत महिनेच आधी होतात. मीटर बघून "अजून कुठे फिरलीय गाडी?" म्हणणारे इथेच फसतात.

चेनचंही तसंच. जुलैत दिवसभर उघड्यावर भिजलेली चेन गंजायला सर्व्हिसिंगच्या तारखेची वाट बघत नाही. डीलरला गाडी दिसते वर्षातून दोन-तीनदा, आणि चेनला पावसाळ्यात दर एक-दोन आठवड्यांनी कोणीतरी पुसून ल्यूब मारायला हवं. हे काम घरचंच. सेंटर स्टँड असेल तर पंधरा मिनिटांत होतं.

मग सगळंच घरी करायचं का? तर नाही. चेन, एअर फिल्टर, प्लग आणि ऑईल घरी. ब्रेक आणि फ्युएल इंजेक्शन जाणकाराकडे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या बाईकना एबीएस सक्तीचं झालं, एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आल्यावर कार्ब्युरेटर जवळजवळ गेलाच. फॉल्ट कोड वाचायला स्कॅनर लागतो. आणि ब्रेक हा व्हिडिओ बघून पहिल्यांदा करून बघायचा विषय नव्हे. वॉरंटी चालू असेल तर ठरलेल्या सर्व्हिसिंग डीलरकडेच कराव्यात, नाहीतर क्लेमच्या वेळी तोच मुद्दा निघतो.

आमच्या शेजारचे काका अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेत. त्यांचं म्हणणं, "घट्ट म्हणजे किती घट्ट ते आकड्यात सांग." म्हणून टॉर्क रेंच. ड्रेन बोल्ट जोर लावून आवळला आणि अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेले, तर वाचलेले पैसे व्याजासकट परत जातात. ऑईलही बाईकचंच घ्यावं, डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ लिहिलेलं. गाडीच्या ऑईलने बाईकचा ओला क्लच सटकू शकतो. सामान कुठूनही घ्या, पण पक्कं बील मागा. उल्हासनगरच्या 'मेड इन यूएसए'चा विनोद चहाबरोबर ठीक आहे, ऑईल फिल्टरमध्ये नको.

एक खर्च मात्र कुठल्याच बिलात दिसत नाही, तो म्हणजे जुन्या ऑईलचा. ते नियमाने धोकादायक कचऱ्यात मोडतं. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराजवळून वाहणाऱ्या वालधुनीची काय दशा झालीय ते आपण रोज बघतो. त्यात आपलं एक लिटर गटारातून ओतू नका. त्याच डब्यात भरून, जुनं ऑईल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. हे जमणार नसेल तर ऑईल बाहेरच बदला, मी काही म्हणणार नाही.

आणि हो, हा नुसता हौसेचा मामला नाही. सुटे भाग बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, म्हणून २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता. दंडाचं प्रकरण पुढे अपिलात गेलं, ते असो. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, त्यात वाहनंही आहेत. पण आपली वस्तू उघडून बघायची सवयच नसेल, तर तो हक्क मिळून तरी काय उपयोग?

तेव्हा या रविवारी निदान मॅन्युअल उघडा. सीटखाली किंवा कपाटात, प्लॅस्टिकमध्ये तसंच पडलेलं असेल.