गावरानाचे बियाणे

देहूत मांसविक्रीला बंदी आहे. नगरपंचायतीने 2022 मध्ये तसा निर्णय घेतला आणि माळकऱ्यांच्या या गावाला तो मानवलाही. मग इथे कोंबडीचा विषय कशाला? तर इंद्रायणी ओलांडली की येलवाडी, सांगुर्डी, खालुंब्रे लागतात आणि तिथून चाकणचे कारखाने सुरू होतात. या पट्ट्यातल्या कितीतरी जमिनी वसाहतीत गेल्या. मोबदला आला, खोल्या निघाल्या, भाडे सुरू झाले. साठी ओलांडलेल्या शेतकऱ्याकडे घरामागचे चार-पाच गुंठे तेवढे राहिले. त्याने तिथे गावरान कोंबड्यांची पैदास करायचे मनावर घेतले, की घरचेच म्हणतात, या वयात हा व्याप कशाला? आमचे म्हणणे नेमके उलटे आहे. हे काम याच वयाच्या माणसाचे आहे.

पैदास म्हणजे पिल्ले विकत आणून वाढवणे नव्हे. कोणती कोंबडी वेळेवर खुडूक होते, कोणती अंड्यांवरून मध्येच उठते, घार दिसताच कोणती पिल्लांना पंखाखाली घेते, हे वर्षानुवर्षे पाहिलेले असावे लागते. रवणीला दहा-बारा अंडी घालायची, तीही आठवड्याच्या आतली, फार गोल नाहीत आणि फार लांबट नाहीत अशी. सातव्या रात्री अंधारात अंड्याला बॅटरी लावून पाहिले, की जिवंत अंड्यात तांबड्या शिरांचे जाळे दिसते. वांझ अंडे नितळ दिसते, ते काढून टाकायचे. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो, पण तो घरातलाच ठेवत गेले की वाण खचतो. म्हणून तो लांबच्या गावातून बदलून आणायचा. ज्याने बैलजोडी पारखली, बियाण्याची कणसे निवडून आढ्याला टांगली, त्याला हे शिकवावे लागत नाही.

गावरान कोंबडी वर्षाला जेमतेम पन्नास-साठ अंडी देते, पिंजऱ्यातली लेअर तीनशेच्या घरात जाते. त्यामुळे हिशेबाच्या वहीत गावरान हरते. लेअरच्या पैदाशीत खुडूकपणा मुद्दाम निवडून काढून टाकला, कारण खुडूक कोंबडी अंडी थांबवते. बंगळुरूची गिरिराज, हैदराबादची वनराज या परसातल्या सुधारित जाती. त्यांनी अनेक घरांना पैसा दिला, हे मान्यच करायला हवे. पण त्या संकरित आहेत. त्यांची पुढची पिढी तशीच निपजत नाही, माद्या क्वचितच रवणीला बसतात आणि पिल्लांसाठी पुन्हा केंद्राकडे जावे लागते. शिवाय त्यांचा कोंबडा मोकळा फिरला, की गल्लीतले गावरान दोन-तीन वर्षांत कधी मिसळून गेले ते कळतही नाही.

सरकारचे माप इथेच चुकते. राष्ट्रीय पशुधन अभियानात ग्रामीण कुक्कुटपालनाला निम्मे अनुदान आहे, कमाल 25 लाखांपर्यंत. पण त्यासाठी किमान एक हजार मातृपक्षी हवेत, उबवणी यंत्र हवे. पन्नास कोंबड्या जपणाऱ्या शेतकऱ्याला त्यात जागा नाही. लस घ्यायला गेला तरी तीच अडचण. मानमोडीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची असते आणि एकदा फोडली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. गावाने मिळून एक दिवस ठरवला तरच ती परवडते.

मोठ्या आकड्यांच्या मोहाने काय होते, तेही आपण पाहिले आहे. इस्लामपूरहून सुरू झालेल्या कडकनाथच्या योजनेत हजारो शेतकऱ्यांचे पैसे बुडाले, हे 2019 मध्ये उघड झाले. दोष त्या काळ्या कोंबडीचा नव्हता. पैदाशीऐवजी परताव्याचे आमिष विकले गेले.

कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेकडे देशी जातींची नोंद होते. तिथे नवापूर-साक्रीकडची बुसरा ही गुजरात आणि महाराष्ट्र दोघांच्या नावावर आहे. त्याच नवापुरात 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आला आणि तेव्हा बाधित टापूतल्या परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. एका साथीत एखाद्या मुलखाचा वाण किती सहज धोक्यात येतो, हे त्या वेळी दिसले. मावळ-खेडच्या गावरानाचे गुण तर अजून कुणी धड लिहूनही ठेवलेले नाहीत. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी घरात जपलेल्या देशी बियाण्याला 2020 मध्ये पद्मश्रीचा मान मिळाला. परसात कोंबड्यांची पिल्लेही त्या वाढवतात. बियाण्याला जी नजर लावली, ती कोंबडीलाही लावायला हवी.

खडकीला सरकारचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, देहूपासून फार लांब नाही. तिथे गावरान पाळणाऱ्यांची एक वही उघडावी. कोणाच्या घरी कोणत्या रंगाचा, किती पिढ्यांचा कळप आहे, हे तीत लिहावे. वर्षातून एकदा कोंबड्यांची अदलाबदल घडवून आणावी आणि सरकारने अनुदानाची अट पन्नास पक्ष्यांवर आणावी. देहूच्या भावनेला धक्का लागायचेही कारण नाही. पैदास करणारा शेतकरी विकतो ती उबवणीची अंडी, पिल्ले आणि तलंगा.