धरणे कोणासाठी?

मराठीच्या वर्गात मुले 'धरणे', 'मोर्चा', 'निवेदन' हे शब्द शिकतात. ते पाठ करून विसरण्याचे शब्द नव्हेत. बेने इस्राएल समाजाने ते याच देशात प्रत्यक्ष वापरले आहेत.

1962 साली मुख्य रब्बी मंडळाने लग्नाची नोंदणी करणाऱ्यांना सूचना दिल्या : बेने इस्राएल वधूवरांच्या आईकडील पिढ्या, जितके मागे जाता येईल तितके, तपासाव्यात. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवून 'शनवार तेली' म्हणवून घेतलेल्या लोकांना हे ऐकावे लागले. इस्राएलात यहुद्यांचे लग्न रब्बी मंडळाच्या हाती असते. तेव्हा प्रश्न नुसत्या मानाचा नव्हता, मुलामुलींच्या संसाराचा होता.

समाज लहान, मते थोडी. निवडणुकीत डोकी मोजली जातात. थोड्यांचे दुःख तिथे सहज दबते. म्हणून 1964 च्या उन्हाळ्यात माणसे यरुशलेममध्ये धरणे धरून बसली. यातले पुष्कळजण मूळचे कुलाबा जिल्ह्यातले. त्याच जिल्ह्यात महाड येथे 1927 साली डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह केला होता. दोन्हीकडे मागणी भिक्षेची नव्हती, बरोबरीची होती.

17 ऑगस्ट 1964 रोजी क्नेसेटचे खास अधिवेशन भरले. बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदीच आहेत, असे पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने स्पष्ट केले. त्याच महिन्याच्या अखेरीस रब्बी मंडळाने सूचनांतून 'बेने इस्राएल' हे नाव काढले. त्याजागी ज्यांच्या कुळाविषयी शंका असेल अशा कोणाचीही चौकशी व्हावी, असे शब्द आले.

विजयाची गोष्ट सांगताना हे शेवटचे वाक्य गाळू नये. नाव गेले, शंका उरली. पुढे इथियोपियाहून आलेल्या यहुद्यांवर तशीच वेळ आली, आणि 1985 साली त्यांनाही यरुशलेममध्ये रब्बी मंडळासमोर धरणे धरावे लागले.

आपल्यापुरता न्याय मिळाला की घरी जाणे सोपे असते. पण लोकशाहीत एकाने मिळवलेला हक्क दुसऱ्याच्या कामी आला, तरच तो पक्का होतो. आजी-आजोबांच्या धरण्याचा अभिमान मुलांनी जरूर बाळगावा. उद्या दुसऱ्या कोणाला त्याच पायरीवर बसावे लागले, तर त्याच्याशेजारी जाऊन बसणे हा त्या अभिमानाचा खरा उपयोग होय.