तारखांत अडकलेले मूल
नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात आईबापांचा वाद तारखांवर तारखा घेत राहतो. शाळेच्या गणवेशातच आलेले मूल मात्र भेटीच्या तासाभरात आधी कोणाकडे बघावे या पेचात उभे असते. परस्पर संमतीच्या घटस्फोटातील सहा महिन्यांची प्रतीक्षा माफ करण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिली. ताब्याच्या भांडणाला असा जवळचा रस्ता नाही. १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा पाच वर्षांखालील मूल साधारणपणे आईकडे ठेवतो, पण मुलाचे हित सर्वोपरी मानतो. भेटीचा आदेश हाती असूनही आजी-आजोबा दार उघडत नसतील, तर ते हित कागदावरच राहते. न्यायालयाने अशा आदेशांची अंमलबजावणी दरमहा तपासावी, सरकारने पुरेसे समुपदेशक द्यावेत. आणि दोन्हीकडच्या नातेवाइकांनी मुलाला पढवणे आजच थांबवावे.