संख्यावाचन आणि विद्यार्थ्यांचे बोधविज्ञान

बोधविज्ञान हे मानसशास्त्र, भाषाविज्ञान, तत्त्वज्ञान, संगणकशास्त्र इत्यादींच्या सीमेवर वाढलेले शास्त्र आहे. त्यामुळे या विषयाच्या विद्यार्थी-नियतकालिकाकडे येणारा लेख आंतरविद्याशाखीय असावा, ही अपेक्षा रास्तच होय. परंतु दोन शास्त्रांची परिभाषा शेजारी मांडल्याने ती पुरी होत नाही. कोणत्याही एका शास्त्राला जो एकट्याने सुटत नाही, असा प्रश्न लेखाच्या मुळाशी असावा लागतो.

मराठीत असा प्रश्न २०१९ साली उभा राहिला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत आली. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा युक्तिवाद असा, की संख्या लिहिताना दशक आधी येतो, बोलताना एकक. शिवाय जोडाक्षरे मुलांना जड जातात. विरोधकांनी परंपरेचा आणि भाषेच्या सौष्ठवाचा कैवार घेतला. दोन्ही बाजू विचारार्ह होत्या. मात्र या गदारोळात मुलाच्या मनात प्रत्यक्ष काय घडते, हा मूळ मुद्दा मागे पडला.

१९७६ साली स्थापन झालेल्या नोएडात नाना प्रांतांची कुटुंबे राहतात. तेथे शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला या प्रश्नाची तुलनात्मक तपासणी करता येईल. हिंदीतील ‘इक्कीस’ मराठीच्याच वळणाचे. तमिळ आणि कन्नड यांत मात्र दशक आधी उच्चारला जातो. ‘बावन्न’ ऐकून मूल २५ लिहिते काय? ‘एकोणसाठ’ ऐकून ६९ लिहिते काय? पहिली चूक क्रमाची, दुसरी शब्दघटनेची. जोडाक्षराची अडचण या दोहोंहून निराळी. हा विवेक भाषाविज्ञान शिकविते, चुकांची पडताळणी मानसशास्त्र.

परीक्षकाला मराठी येत नाही, म्हणून इंग्रजीतील उदाहरणांवरच निर्वाह करण्याची वृत्ती विद्यार्थ्यांत आढळते. ती सोडावयास हवी. प्रत्येक शब्दाची फोड आणि अर्थ दिला, पालकांची संमती घेतली, मुलांची संख्या व त्यांची घरची भाषा स्पष्ट नोंदविली, तर परभाषक परीक्षकालाही लेख तपासता येतो. पाहणी लहान असेल, तर निष्कर्षही तितकाच मर्यादित ठेवावा. अपेक्षित फरक न आढळल्यास तेही निःसंकोच सांगावे.

अशा लेखाने वाद मिटेलच असे नाही. परंतु मुलाची अडचण नेमकी कोठे आहे हे शिक्षकाला कळले, तर कोणती रीत शिकवावी याचा निर्णय अभिमानावर सोपवावा लागणार नाही.